हिब्रू शब्दांची स्थित्यंतरे



ज्यांच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते त्या गुरुवर्यांना कोशवाङ्मयाचा विलक्षण व्यासंग होता, आणि शब्दाचा अर्थ सांगण्यापूर्वी त्याचे कूळ विचारावे असा त्यांचा परिपाठ होता, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. तेव्हा या सत्रासाठी एखाद्या भाषेच्या शब्दकुळांचाच विषय घ्यावा हे ओघानेच आले. त्यातही मी हिब्रू भाषा निवडली, याचे कारण असे की, तिच्याविषयी परस्परविरुद्ध असे दोन ग्रह सुशिक्षितांतही दृढमूल झालेले दिसतात. एक ग्रह जुना: हिब्रू ही देवाची व आदिमानवाची भाषा, तिच्यातूनच इतर सर्व भाषा निघाल्या. युरोपातील मोठमोठे पंडित कित्येक शतके याच समजुतीवर विसंबून होते; आणि आपल्याकडे जगातील यच्चयावत् शब्द संस्कृतातून निघाले असे सिद्ध करण्यात ज्यांची आयुष्ये गेली, त्यांनी त्या पंडितांना हसण्याचे कारण नाही. दुसरा ग्रह नवा: ही भाषा दोन हजार वर्षे मेलेली होती आणि एका जिद्दी गृहस्थाने तिला जिवंत केले. पहिला ग्रह आज कोणी उघडपणे बोलून दाखवीत नाही. दुसरा मात्र वर्तमानपत्रांतून दर वर्षी वाचावयास मिळतो. माझ्या मते दोन्हींचे मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे भाषा ही स्वयंभू व सोवळी असते ही कल्पना. हिब्रू शब्दांचा इतिहास पाहू जाता दिसते ते असे की, ही भाषा प्रत्येक युगात उसनवारी करीत आली आणि घेतलेल्या शब्दाला तीन व्यंजनांच्या साच्यात बसवून आपल्या गोत्रात दाखल करीत गेली.

प्रथम या तीन व्यंजनांविषयी. सेमिटिक कुळातील इतर भाषांप्रमाणे हिब्रूतही शब्दाचा अर्थ प्रायः तीन व्यंजनांच्या धातूत साठविलेला असतो, आणि स्वर, पूर्वप्रत्यय व उत्तरप्रत्यय बदलून त्या धातूपासून नाम, विशेषण, क्रियापद अशी संतती निर्माण होते. हे तत्त्व आपणांस परके नाही. कारण हिब्रूची बहीण जी अरबी, तिचे शेकडो शब्द फारसीच्या हातून, दफ्तरांतून आणि दरबारांतून, मराठीत येऊन राहिलेले आहेत. किताब आणि कातिब, हुकूम आणि हाकीम, या जोड्यांतले नाते मराठी माणसाला न शिकवता कळते. आता हेच धातू हिब्रूत पाहा. क-त-व म्हणजे लिहिणे. ह-ख-म या धातूपासून ‘हाखाम’ म्हणजे ज्ञानी पुरुष. आपला हकीम हा त्याचाच चुलतभाऊ. आपला मालक आणि हिब्रूतील ‘मेलेख’ म्हणजे राजा, आपली कुर्बानी आणि हिब्रूतील ‘कोर्बान’, आपला हिशेब आणि हिब्रूतील ‘हेश्बोन’, ही सर्व सगोत्र मंडळी आहेत. यांतला हिशेब मला विशेष मनोरंजक वाटतो. हिब्रूत ह-श-व या धातूचा अर्थ मोजणे इतकाच नसून विचार करणे, मनात योजणे असाही आहे, आणि आजच्या हिब्रूत संगणकाला ‘महशेव’ म्हणतात तो याच धातूवरून. पेशव्यांच्या फडातला हिशेबनीस आणि तेल अवीवमधला संगणक एकाच धातूचे अन्न खातात, ही गोष्ट कोणत्याही राजकीय इतिहासात सांगितलेली नसते.

‘शालोम’ हा शब्द तर सर्वांना ठाऊक आहे. त्याचे भाषांतर ‘शांती’ असे करण्याचा प्रघात आहे आणि आपला सलाम त्याच कुळातला. परंतु श-ल-म या धातूचा मूळ रोख शांततेकडे नसून पूर्णत्वाकडे आहे. ‘शालेम’ म्हणजे अखंड, ज्यात उणे राहिलेले नाही असे. ‘शिल्लेम’ म्हणजे त्याने चुकते केले, भरपाई केली. ‘ताश्लूम’ म्हणजे देणे भागविण्याची रक्कम. ज्याचे कोणाचे काही देणे राहिलेले नाही, ज्याच्या घरचे माणूस किंवा गुरे कमी झालेली नाहीत, त्याचा ‘शालोम’. युद्धाचा अभाव हा अर्थ त्यातून पुढे आला. जुन्या ग्रंथांत माणसे एकमेकांच्या ‘शालोम’ची विचारपूस करतात ती आपण क्षेमकुशल विचारतो तशी, एका ठिकाणी तर चक्क युद्धाच्या ‘शालोम’ची, म्हणजे लढाई कशी काय चालली आहे याची, चौकशी केलेली आढळते. ‘शांती’ एवढाच अर्थ धरून बसणाऱ्या भाषांतरकाराची तेथे त्रेधा उडते.

धातूंची ही व्यवस्था हिब्रू बोलणारांना हजारो वर्षे अवगत होती, पण तिचे शास्त्र बरेच उशिरा लिहिले गेले. दहाव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधील कोर्दोवा येथे यहूदा हय्यूज या वैयाकरणाने, अरबी व्याकरणकारांच्या पद्धतीचा आधार घेऊन, असे दाखवून दिले की ज्या क्रियापदांत दोनच व्यंजने ऐकू येतात त्यांतही तिसरे दुर्बल व्यंजन लपलेले असते. तोपर्यंतचे कोशकार एका व दोन अक्षरांचेही धातू मानीत आणि त्यामुळे भलभलत्या शब्दांची एकमेकांशी सोयरीक जुळवीत. पाणिनीची परंपरा असलेल्या आपल्यासारख्यांना हा शोध फार उशिरा लागला असे वाटेल. पण पवित्र ग्रंथाच्या भाषेचे नियम परधर्मीयांच्या व्याकरणावरून शिकण्यास जे मनाचे मोकळेपण लागते, ते कोणत्याच काळात स्वस्त नव्हते.

आता काळाच्या क्रमाने पाहू. हिब्रू ही मुळात कनानमधील बोलींपैकी एक. फिनिशियन आणि मोआबी या तिच्या अगदी लगतच्या भाषा. बायबलच्या हिब्रू ग्रंथांत ती भाषा स्वतःला ‘हिब्रू’ म्हणवीत नाही. तिला ‘यहूदित’, म्हणजे यहूदा प्रांताची बोली, अथवा ‘कनानची भाषा’ म्हटलेले आढळते. इसवी सनापूर्वी ७०१ मध्ये अश्शूरच्या राजाने यहूदा प्रांतावर स्वारी केली, तेव्हाचा प्रसंग राजांच्या दुसऱ्या ग्रंथात वर्णिलेला आहे. अश्शूरचा सरदार जेरुसलेमच्या तटाखाली उभा राहून लोकांच्या भाषेत मोठ्याने धमक्या देऊ लागला, तेव्हा राजा हिज्कियाच्या कामदारांनी त्याला विनविले की, आपण अरामी भाषेत बोलावे, ती आम्हांस कळते. तटावरच्या लोकांना ऐकू जाईल अशी यहूदित बोलू नये. अर्थातच सरदाराने ते मानले नाही. राज्यव्यवहाराची भाषा अरामी आणि रयतेची हिब्रू, ही वाटणी तेव्हाच झालेली होती. पुढे अरामीने रयतेच्या घरातही प्रवेश केला.

इसवी सनापूर्वी ५८६ मध्ये जेरुसलेमचा विध्वंस झाला आणि यहुदी सरदार, कारागीर व पुरोहित बाबिलोनला नेले गेले. तेथून ते जे घेऊन परतले त्यात लिपी होती, कारण आज जिला आपण हिब्रू लिपी म्हणतो ती मूळची अरामी. आणि महिन्यांची नावेही होती. निसान, तिश्री, अदार ही सर्व बाबिलोनी नावे आहेत. त्यांतील ‘तम्मूझ’ हे तर प्रत्यक्ष एका बाबिलोनी देवतेचे नाव. जेरुसलेमच्या मंदिराच्या दारात बायका या तम्मूझसाठी रडत बसलेल्या पाहून यहेज्केल या संदेष्ट्याला परम संताप आला होता. आणि त्याच देवतेचे नाव धारण करणारा महिना मूर्तिपूजेचा तिटकारा असलेल्या या समाजाच्या पंचांगात आजतागायत सुखेनैव नांदत आहे.

बाबिलोनच्या मागून इराणी साम्राज्य आले, आणि येथे मराठी श्रोत्याने कान टवकारावेत असा भाग सुरू होतो. बायबलमधील एस्तेरच्या ग्रंथात शूशन नगरीतील इराणी दरबाराचे वर्णन आहे. त्यातील सम्राट ‘होदू’पासून कूशपर्यंत १२७ प्रांतांवर राज्य करतो, हा ‘होदू’ म्हणजे सिंधूचे इराणी रूप जे ‘हिंदु’, त्याचे हिब्रू रूपांतर, आणि आजही हिब्रूत भारत देशाला ‘होदू’ हेच नाव आहे. (अमेरिकेतून आलेल्या टर्की नावाच्या पक्ष्यालाही आजच्या हिब्रूत ‘होदू’ म्हणतात, युरोपीयांनी अमेरिकेला हिंदुस्थान समजण्याची जी चूक केली तिचे हे शेपूट.) या साम्राज्याच्या सुभेदारांना त्या ग्रंथात ‘अहश्दर्पन’ म्हटले आहे. शब्द कानाला राक्षसी वाटतो, परंतु तो आपल्या ओळखीचा आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील शिलालेखांत नहपान राजाला क्षहरात क्षत्रप म्हटलेले आहे, तो क्षत्रप आणि हा अहश्दर्पन हे एकाच इराणी हुद्द्याचे दोन अवतार होत. एक जेरुसलेमच्या लेखकाच्या कानातून गेला, दुसरा गोदावरीकाठच्या पाथरवटाच्या छिन्नीतून.

त्याच दरबारातील ‘दात’ हा शब्द अधिक खोल गेला. जुन्या इराणीत ‘दात’ म्हणजे घालून दिलेला कायदा. आपल्या संस्कृतातील ‘धा’ धातूचा तो आप्त. एस्तेरच्या ग्रंथात ‘दात’ म्हणजे बादशाही फर्मान, कधी न फिरणारा हुकूम. पुढे हिब्रूत त्याचा अर्थ धर्मनियम असा झाला, आणि आज ‘दात’ म्हणजे धर्म. इराणात त्याच शब्दाचे ‘दाद’ झाले, म्हणजे न्याय. आणि तो तेथून आपल्याकडे आला. आपण सरकारदरबारी दाद मागतो, गवयाच्या समेला दाद देतो. बादशाही कायद्याचा एकच शब्द यहुद्यांच्या हाती पडून धर्म झाला आणि मराठ्यांच्या हाती पडून तक्रार व वाहवा झाला, यावरून दोन्ही समाजांच्या स्वभावाविषयी अनुमान काढण्याचा मोह होतो. तो मी आवरतो.

‘पर्देस’ हाही याच काळातला. इराणीत ‘पैरिदएझ’ म्हणजे सभोवती कुसू घातलेली जागा; त्यातील ‘पैरि’ हा आपला ‘परि’ उपसर्गच. हिब्रूत ‘पर्देस’ म्हणजे वनराई, उपवन, आणि सांप्रत विशेषेकरून संत्र्या-मोसंब्यांची बाग. ग्रीकांनी हाच शब्द घेतला आणि बायबलच्या ग्रीक भाषांतरात एदेन बागेसाठी योजला, त्यातून तो युरोपीय भाषांत स्वर्गवाचक झाला, आणि अरबीत ‘फिरदौस’ होऊन पुन्हा स्वर्गालाच जाऊन मिळाला. हिब्रूत मात्र त्याला अजून पाणी द्यावे लागते आणि त्याची फळे पेट्यांत भरून परदेशी जातात.

एस्तेरच्या ग्रंथातच, दरबारातील पडद्यांच्या वर्णनात, ‘कर्पस’ हे वस्त्र येते. हा आपला कार्पास, म्हणजे कापूस. पण यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या ताटात ‘कर्पस’ नावाचीच एक भाजी ठेवतात. ती सेलरीच्या जातीची, आणि तिचे नाव निराळ्या मुळातून आले आहे. दोन भिन्न शब्द उच्चारात एकरूप झाले की पहिल्याची ओळख बुजते. आजच्या हिब्रूत कर्पस म्हणजे भाजीच, कापसाला दुसरा शब्द आहे.

येथे एका धोक्याची सूचना देणे माझे कर्तव्य आहे. शलमोन राजाची जहाजे हस्तिदंत, वानर आणि ‘तुक्की’ घेऊन आली असे राजांच्या पहिल्या ग्रंथात म्हटले आहे. एकोणिसाव्या शतकातील पंडितांनी ‘तुक्की’चा संबंध मोराच्या पिसाऱ्याला असलेल्या ‘तोगै’ या तमिळ शब्दाशी आणि ‘कोफ’ म्हणजे वानर याचा संबंध संस्कृत ‘कपि’शी जोडला, आणि त्यावर प्राचीन भारताच्या समुद्रपर्यटनाचे केवढे तरी इमले उठले. ते इमले मला पेलवत नाहीत. वानराचा शब्द मिसरी भाषेतही जवळजवळ तसाच आहे, आणि ‘तुक्की’ म्हणजे मोरच, याविषयी पंडितांचे एकमत नाही. गंमत अशी की, आजच्या हिब्रूत ‘तुक्की’ म्हणजे पोपट, आणि मोराला ‘तवास’ हा ग्रीकाकडून आलेला शब्द. शिवाय शब्दांची ये-जा एकाच दिशेने होते असे मानणारांनी ‘मरकत’ या शब्दाचा विचार करावा. आपण त्याला शुद्ध संस्कृत समजतो. परंतु बहुतेक भाषाशास्त्रज्ञांच्या मते तो ग्रीकांच्या मार्फत सेमिटिक ब-र-क, म्हणजे चमकणे, या धातूपासून आला, आणि यहुदी मुख्य पुरोहिताच्या उरपट्टीवरील ‘बारेकेत’ रत्न त्याच धातूचे.

इराण्यांनंतर ग्रीक आणि रोमन आले, आणि हिब्रूत कचेरीच्या शब्दांचा लोंढा लोटला, जसा बहामनी काळापासून मराठीत लोटला. ‘सान्हेद्रिन’ हे यहुद्यांच्या सर्वोच्च न्यायसभेचे नाव ग्रीक आहे. बचावाचा वकील ‘सानेगोर’ आणि फिर्यादी पक्षाचा ‘कातेगोर’ हेही ग्रीक. बसावयाचा बाक ‘सफसाल’ हा लॅटिन. एपिक्यूरस या ग्रीक तत्त्ववेत्त्याच्या नावाचा ‘अपिकोरोस’ होऊन त्याचा अर्थ पाखंडी असा झाला, आणि हा शब्द यहुदी पंडित आपसांतल्या वादातही एकमेकांवर फेकतात. परंतु या काळातील मला सर्वांत आवडणारा शब्द आहे ‘मताते’. यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथात बाबिलोनच्या विनाशाच्या संदर्भात हा शब्द एकदाच येतो. इसवी सन २०० च्या सुमारास मिश्ना या धर्मसंहितेचे संपादन करणाऱ्या यहूदा हनासी यांच्या शिष्यांना, म्हणजे त्या काळच्या मोठमोठ्या शास्त्र्यांना, त्याचा अर्थ लागत नव्हता. मग गुरूंच्या घरची मोलकरीण दुसरीला ‘मताते घे आणि घर झाड’ असे सांगताना त्यांनी ऐकले, आणि ईश्वर बाबिलोनवर केरसुणी फिरविणार आहे हा उलगडा झाला. ही कथा तल्मुद या यहुदी धर्मग्रंथात आहे. तिच्यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात: हिब्रू बोलण्यातून अस्तंगत होत चालली होती, म्हणून शास्त्र्यांना अडले, आणि ती अद्याप स्वयंपाकघरात शिल्लक होती, म्हणून मोलकरणीला अडले नाही.

‘हज्जान’ या शब्दाची कहाणी अधिकारपदांच्या उतरत्या भाजणीची आहे. बाबिलोनी भाषेत ‘हजन्नु’ म्हणजे नगराधिकारी. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातील अमार्ना येथील पत्रव्यवहारात कनानमधल्या नगरप्रमुखांना हीच संज्ञा लावलेली आहे. मिश्नाच्या काळी ‘हज्जान’ म्हणजे सभास्थानाचा व्यवस्थापक, ग्रंथ आणून देणारा, मुलांना वाचावयास शिकविणारा. त्यानंतर कधी तरी प्रार्थना गाऊन म्हणण्याचे काम त्याच्याकडे आले, आणि आज हज्जान म्हणजे सुस्वर प्रार्थना म्हणणारा गायक.

या हज्जानाच्या सभास्थानावरून आपण कोकणातही जाऊ शकतो. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील बेने इस्राएल यहुदी, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शनवार तेली म्हणत, त्यांची मातृभाषा मराठी. ‘शमा इस्राएल’ ही श्रद्धावचनाची अक्षरे सोडली तर हिब्रू त्यांच्याकडून जवळजवळ विसरली गेली होती. सण मात्र विसरले नव्हते, आणि म्हणून त्या सणांना त्यांनी घरची नावे दिली. वर्षारंभ तो नव्याचा सण. प्रायश्चित्ताचा उपवास तो दारफाळणीचा सण, कारण त्या दिवशी दारे लावून घरात राहावयाचे. मंदिरनाशाच्या शोकदिनाला बिरड्याचा सण. आणि पूरीम, ज्यात एस्तेरची कथा वाचतात, त्याला होळीचा सण. सभास्थानाला ते मशीद म्हणत, आणि मुंबईतले १७९६ चे त्यांचे पहिले सभास्थान जुनी मशीद म्हणूनच ओळखले जाई. पुढे कोचीन आणि बगदादकडील यहुद्यांशी संबंध आला, जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ मध्ये त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापले, वल्हांडणाची पोथी मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ मध्ये व पुण्यात १८७४ मध्ये निघाली, जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. आणि रोश हशाना, योम किप्पूर ही नावे नव्याचा सण व दारफाळणी यांची जागा घेऊ लागली. जुनी नावे मागे पडली याचे मला, एक मराठी वाचक म्हणून, वाईट वाटते. पण ज्यांचा वारसा त्यांनी तो परत घेतला, तेथे परक्याने हळहळण्याचा अधिकार किती, हाही प्रश्न आहेच.

आता ‘मृत भाषा’ या शब्दप्रयोगाकडे वळू. तिसऱ्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंत हिब्रू कोणाच्या तोंडी मातृभाषा म्हणून नव्हती हे खरे. परंतु तीत कविता होत होती, धर्मनिर्णय लिहिले जात होते, निरनिराळ्या देशांचे यहुदी भेटले की तीतूनच बोलत होते. बाराव्या-तेराव्या शतकांत प्रोव्हान्समधील इब्न तिब्बोन घराण्याने अरबी तत्त्वज्ञानाचे व शास्त्रांचे ग्रंथ हिब्रूत उतरविले. शमुवेल इब्न तिब्बोन याने मैमोनिदीज या यहुदी तत्त्वज्ञाच्या ‘संभ्रमितांचा मार्गदर्शक’ या ग्रंथाचे भाषांतर १२०४ मध्ये पुरे केले. या भाषांतरयुगात क्षितिजाला ‘ओफेक’, मध्याला ‘मेर्काझ’, भूमितीला ‘हंदासा’ असे शब्द अरबीवरून रूढ झाले. यांतील ‘हंदासा’ हा अरबीने इराणी ‘अंदाझ’ म्हणजे माप यावरून घेतलेला. तोच आपला अंदाज. आजच्या हिब्रूत ‘मेहंदेस’ म्हणजे इंजिनिअर, आणि आपल्याकडे इंजिनिअर जे तयार करतो ते अंदाजपत्रक. जुनी पवित्र कागदपत्रे ठेवण्याच्या जागेला ‘गेनिझा’ म्हणतात. त्याचेही मूळ इराणी ‘गंज’, म्हणजे खजिना, असे मानतात. कैरोच्या अशाच एका गेनिझातून १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी केंब्रिजला नेलेल्या कागदांत, बाराव्या शतकात मंगळूरला पेढी असलेल्या अब्राहाम बेन यीजू या व्यापाऱ्याची पत्रेही निघाली. भाषा अरबी, लिपी हिब्रू.

हे सगळे भांडार हाताशी होते म्हणूनच एलिएझर बेन-यहूदा यांचे कार्य शक्य झाले. १८५८ मध्ये लिथुएनियाच्या बाजूच्या एका गावी जन्मलेला हा मनुष्य १८८१ मध्ये जेरुसलेमला आला, आणि १८८२ मध्ये झालेल्या आपल्या मुलाच्या कानावर हिब्रूवाचून दुसरी भाषा पडू द्यावयाची नाही, असा त्याने निर्बंध घातला. त्याचा अट्टाहास, कर्मठांनी टाकलेला बहिष्कार, कोशासाठी केलेले श्रम, ज्या कोशाचे १७ खंड त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी, १९५९ मध्ये, पुरे झाले, यांविषयी मला आदर आहे. तरीही भाषा बोलती केली ती शाळामास्तरांनी आणि निरनिराळ्या देशांतून आलेल्या मुलांनी, असे माझे मत आहे. १९१३ मध्ये हैफा येथील तंत्रविद्यालयात जर्मन असावी की हिब्रू यावरून जो झगडा माजला, त्यात मास्तर व विद्यार्थी रस्त्यावर उतरले; कोशकार एकटा असता तर निकाल निराळा लागता.

बेन-यहूदाची पद्धत पाहण्यासारखी आहे. कोशाला लोक ‘शब्दांचे पुस्तक’ म्हणत, तो जर्मन वळणाचा जोडशब्द मोडून त्याने ‘मिल्ला’ म्हणजे शब्द यावरून ‘मिलोन’ केला. ‘एत’ म्हणजे काळ, यावरून ‘इत्तोन’ म्हणजे वर्तमानपत्र, जसे आपले नियतकालिक. जेथे जुन्या ग्रंथांत दुर्मीळ व संदिग्ध अर्थाचा शब्द पडून होता तेथे, पेन्शनीत निघालेल्या कारकुनाला पुन्हा बोलावून नव्या खात्यात नेमावे, तसा त्याला कामाला लावला. यशयाच्या ग्रंथातील ‘एकदाह’ नावाचे लखलखते रत्न पिस्तुल झाले; ईयोबाच्या ग्रंथातील ‘तोताह’, बहुधा सोटा, तो आजची तोफ आहे. सर्व नेमणुका मात्र मान्य झाल्या नाहीत. टोमॅटोला कोणी तरी ‘अगवानिया’ हा शब्द काढला. त्या फळाला जर्मनीत प्रेमफळ म्हणत, म्हणून कामुकतावाचक धातूवरून. बेन-यहूदाला तो अश्लील वाटला आणि त्याने अरबीवरून ‘बदूरा’ सुचविला. बाजारात अगवानिया विकला गेला.

परंतु या सर्वांत ‘हश्माल’ची कथा अपूर्व आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या प्रारंभी, बाबिलोनमध्ये निर्वासित असताना, यहेज्केलने ईश्वरी रथाचे दर्शन वर्णिले. त्यात ज्वाळेच्या मध्यभागी ‘हश्माल’सारखे काही तरी झळकत होते. हा काय पदार्थ, कोणालाच ठाऊक नाही. तल्मुदात सांगितले आहे की, एका मुलाला हश्मालचे रहस्य उमगले आणि तत्क्षणी हश्मालमधून अग्नी निघून तो भस्म झाला. म्हणून या प्रकरणाचे अध्ययन जपून करावे. ग्रीक भाषांतरकारांनी तेथे ‘एलेक्त्रोन’, म्हणजे तृणमणी, हा शब्द घातला. तृणमणी घासला की काडीकचरा ओढतो, या गुणावरून सतराव्या शतकात युरोपीय शास्त्रज्ञांनी त्या शक्तीला नाव दिले. आणि एकोणिसाव्या शतकात यहूदा लैब गॉर्डन या कवीने तीच वाट उलट चालून विद्युतशक्तीला हिब्रूत हश्माल म्हटले. ज्याचा उच्चार करताना शास्त्री दचकत त्या शब्दाचे बिल आज प्रत्येक घरी येते, आणि तारा दुरुस्त करणारा तो ‘हश्मलाई’. आपण आकाशातल्या विजेलाच घरात आणून बसविली, तेव्हा आपल्याला हे नवल फार वाटू नये.

भाषाशुद्धीच्या दृष्टीने आणखी एक विरोधाभास नोंदवावासा वाटतो. आपल्याकडे सावरकरांनी ‘तारीख’ हा शब्द परका म्हणून दूर सारला आणि ‘दिनांक’ दिला, तो आपण स्वीकारला. हिब्रूच्या पुनरुज्जीवकांनी नेमकी हीच तारीख अरबीकडून बिनदिक्कत घेऊन ‘तआरीख’ केली, कारण तिच्या पोटात चंद्राचा व महिन्याचा वाचक जो सेमिटिक धातू आहे तो हिब्रूत ‘यारेआह’ म्हणजे चंद्र या रूपाने आधीच होता. बेन-यहूदाने अरबीवरूनच ‘अदीव’ म्हणजे विनयशील हाही शब्द आणला. आपली अदब ती हीच. दोघेही भाषाभिमानी, दोघेही हट्टी. एकाच शब्दाला एकाने नारळ दिला, दुसऱ्याने पायघड्या घातल्या. माझ्या समजुतीप्रमाणे फरक धातूचा आहे. अरबी शब्द हिब्रूच्या साच्यात जन्मतःच बसतो, मराठीत त्याला साचा नाही; येथे तो केवळ वहिवाटीने राहतो.

आणि साच्याचे सामर्थ्य किती, ते टेलिफोनने दाखवून दिले. त्यासाठी पंडितांनी ‘सह-राहोक’, म्हणजे दूरचे बोलणे, असा घरचा शब्द काढला होता. आपल्या ‘दूरध्वनी’प्रमाणे तो कागदावर शोभला आणि तोंडी बसला नाही. लोक ‘टेलेफोन’च म्हणत राहिले. पण एकदा शब्द घरात आला म्हटल्यावर लोकांनी त्याची व्यंजने मोजली, त-ल-फ-न, चार भरली, तरी चालवून घेतली, आणि प्राचीन क्रियापदांच्या पद्धतीने त्याला चालवू लागले: ‘तिल्फेन’, त्याने फोन केला, ‘अतल्फेन’, मी फोन करीन. ‘बासीस’ या ग्रीक शब्दापासून ब-स-स हा धातू जसा मागे निघाला होता, तसाच हा निघाला. १९५३ मध्ये कायद्याने स्थापन झालेली हिब्रू भाषेची अकादमी आजही नव्या शब्दांच्या याद्या प्रसिद्ध करते आणि सरकारी कचेऱ्यांना त्या बंधनकारक असतात. तिल्फेन हे क्रियापद मात्र कोणत्याही यादीची वाट न पाहता चालू झाले, आणि आज ते अकादमीच्या कचेरीतही वापरले जात असणार.